कापायचं काय, ठेवायचं काय? : फिल्म एडिटर वामन भोंसले यांचं काम आणि आयुष्य

ज्यांना ऐकायला जमलं नाही, ज्यांचा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून देतोय. जे बोललो तेच आहे, फक्त "म्हणजे", "बरं का", "तर" थोडे कमी केलेत. हेही एडिटिंगच झालं म्हणा!

आजचा विषय एका मेसेजमुळे निघाला. जवळच्याच एका गावातल्या पोराने लिहिलंय, "दादा, माझी बारावी झाली. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, रील्स करून देतो. घरी म्हणतात, दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो. एडिटिंग हे खरंच काम आहे का? यात आयुष्य काढता येतं का?"

प्रश्न साधा वाटतो, पण सोपा नाही. "हो रे, पॅशन फॉलो कर" असं म्हणून मी मोकळा होऊ शकतो. पण उद्या तू शेती सोडून, कॉलेज सोडून यात उतरलास तर तुझं घर माझ्या सल्ल्यावर चालणार नाही. म्हणून मी सल्ल्याच्या आधी एका माणसाचं करिअर समोर ठेवतो. त्या माणसाने एडिटिंगमध्येच आयुष्य काढलं. नाव, वामन भोंसले. त्यांचे सिनेमे तुम्ही पाहिलेत, तुमच्या आईवडिलांनी तर नक्कीच पाहिलेत. नाव मात्र बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकलं असेल. असं का, तेही पुढे येईल.

आधी हे सांगा, एडिटर करतो काय?

आपल्याकडे कांद्याची निवड करतात ते आठवा. चाळीतून कांदा काढला की बाया निवडायला बसतात. गोल्टी वेगळी, जोडकांदा वेगळा, सडका बाहेर, चांगला माल ट्रॉलीत. हात इतका भरभर चालतो की बघणाऱ्याला वाटतं, यात काय विशेष? स्वतः बसून बघा एक तास, मग कळतं. नजर तयार व्हायला वर्षं जातात.

सिनेमाचं एडिटिंग, म्हणजे संकलन, असंच सुरू होतं. एकच सीन चार बाजूंनी, पाच-पाच वेळा शूट केलेला असतो. त्यातला कोणता तुकडा घ्यायचा, तो कुठे सुरू करायचा, कुठे तोडायचा, त्याच्या पुढे काय लावायचं, हे एडिटर ठरवतो. दिग्दर्शक सोबत असतो, शेवटचा शब्द बहुतेक वेळा त्याचाच. पण टेबलावर बसून, तुकडा लावून बघून, पुन्हा काढून, "हे असं नको, असं बघा" म्हणणारा माणूस एडिटर असतो.

कांद्यात आणि सिनेमात एक मोठा फरक आहे. कांदा निवडताना सडकाच बाहेर जातो. एडिटिंगमध्ये चांगला मालही बाहेर टाकावा लागतो. उत्तम अभिनय, सुंदर फोटोग्राफी, दोन दिवस राबून घेतलेला शॉट, सगळं असतं. पण गोष्टीला त्याची गरज नसेल तर तो जातो. हे ज्याला जमतं तो एडिटर. ज्याला शॉट सोडवतच नाही त्याच्याकडून सुंदर शॉटांची मिरवणूक तयार होते, सिनेमा होत नाही.

आपल्या जिल्ह्याचं नातं

गोव्याला जाण्याआधी दोन मिनिटं नाशिकला थांबू. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, सहलीला गेलाच असाल. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला.

पण त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं काम किती जणांना माहीत आहे? त्या वेळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसायची. ती अंधारात बसून, यंत्राने पाडावी लागत. सरस्वतीबाई ते काम शिकल्या. फिल्म धुण्याची रसायनं तयार करायला शिकल्या. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून, स्वतःचे दागिने गहाण टाकून त्या या कामात होत्या. आज बरेच जण त्यांना भारतातली पहिली फिल्म एडिटर म्हणतात. म्हणजे या धंद्याची सुरुवातच अशी आहे, काम अंधारात आणि नाव दुसरीकडे. पुढची सगळी गोष्ट समजायला हे लक्षात ठेवा.

पोंबुर्पा ते मुंबई

वामन भोंसले यांचा जन्म १९३२ चा, गोव्यातल्या पोंबुर्पा गावचा. तेव्हा गोवा भारतात नव्हता, पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तो मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे हा मुलगा मुंबईत आला तेव्हा एका अर्थी परक्या मुलखातून आला.

१९५२ मध्ये, वयाच्या विशीत, ते मुंबईच्या बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै या एडिटरच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागले. बॉम्बे टॉकीज म्हणजे हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाडला सुरू केलेला मोठा स्टुडिओ. भोंसले पोहोचले तेव्हा तिथला सुवर्णकाळ संपत आलेला होता. त्यानंतर ते गोरेगावच्या फिल्मिस्तान स्टुडिओत गेले आणि तिथे जवळपास १२ वर्षं सहायक एडिटर म्हणून राहिले.

१२ वर्षं! आज आपण १२ दिवसांत रील व्हायरल झालं नाही तर अकाउंट बदलतो.

पण सहायक १२ वर्षं करतो काय, हे समजून घ्या, कारण खरं शिक्षण तिथेच आहे. तेव्हा सिनेमा म्हणजे ३५ मिलिमीटरची खरीखुरी पट्टी. एका सेकंदाला २४ फ्रेम. एका फुटात १६ फ्रेम. हिशोब केलात तर एक मिनिट म्हणजे ९० फूट फिल्म. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे १३,५०० फूट, आणि फ्रेम मोजल्या तर २ लाख १६ हजार. ही झाली पडद्यावर दिसणारी लांबी. शूट केलेला माल त्याच्या कितीतरी पट.

लॅबमधून रोजच्या शूटिंगची प्रिंट यायची. तिला रशेस म्हणतात. चित्र एका पट्टीवर, आवाज वेगळ्या पट्टीवर. सहायकाने आधी ते जुळवायचं. सीनच्या सुरुवातीला क्लॅप मारतात ना, तो नुसता स्टाइलसाठी नसतो. पाटीचा दांडा खाली आदळला ती फ्रेम चित्रात शोधायची, 'टक्' आवाज आवाजाच्या पट्टीवर शोधायचा आणि दोन्ही एका रेषेत लावायचे. मग प्रत्येक तुकड्यावर नंबर. कोणता सीन, कोणता शॉट, कितवा टेक. कापलेले तुकडे एका चौकटीला खिळ्यांवर टांगायचे, खाली कापडी पिशवी, म्हणजे पट्टीला ओरखडा येणार नाही. एडिटरने मागितलं, "त्या सीनमधला तिसरा टेक दे," की काही सेकंदांत हातात द्यायचा. चार फ्रेमचा तुकडाही हरवला तर शोधत बसायचं, कारण उद्या त्याच चार फ्रेम लागू शकतात.

आणि प्रत्येक कट हाताने. मूव्हिओला नावाच्या मशीनवर बघायचं, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, कापायचं, जोडायचं, पुन्हा चालवून बघायचं. नको वाटलं तर जोड उघडायचा. आपल्यासारखं 'अनडू' दाबलं की झालं, असं नव्हतं. हे सगळं कामाच्या प्रिंटवर चालायचं. ती पक्की झाली की मग मूळ निगेटिव्ह तसंच कापायचं. तिथे चुकीला जागाच नाही, कापलेली फ्रेम परत येत नाही.

या पद्धतीचा परिणाम काय झाला असेल? कट करण्याआधी विचार करायची सवय. हात लावण्याआधी सीन डोक्यात चालवून बघायचा. आणि शेजारी बसलेला अनुभवी माणूस कुठे थांबतोय, कुठे तोडतोय, हे रोज बघायचं. आपल्याकडे गवंडी, सुतार, आचारी जसे उस्तादाच्या हाताखाली तयार होतात, अगदी तसं.

पहिली मोठी संधी

१९६९ मध्ये राज खोसला यांचा 'दो रास्ते' आला. भोंसले यांना स्वतंत्र एडिटर म्हणून मोठी संधी मिळाली ती इथे. राजेश खन्ना, मुमताज, गाणी सुपरहिट. आपल्यासाठी गंमत अशी की या सिनेमाची कथा चंद्रकांत काकोडकर यांच्या मराठी कादंबरीवरून आलेली.

१९५२ ते १९६९. हिशोब करा, १७ वर्षं. विशीत आलेला माणूस सदतिशीत पोहोचला तेव्हा त्याच्या नावावर मोठा सिनेमा लागला. मेसेज करणाऱ्या मित्रा, हा आकडा मी तुला घाबरवायला सांगत नाहीये. पण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच आकड्यात आहे.

त्यानंतर मात्र गाडी थांबली नाही. गुरुदत्त शिराळी हे त्यांचे जोडीदार. टायटल्समध्ये दोघांची नावं एकत्र यायची आणि इंडस्ट्रीत जोडीला 'वामन-गुरू' म्हणत. एका खोलीत दोन माणसं, रोज दहा-बारा तास, एकाच सीनवर. पटलं नाही तर स्पष्ट बोलता येणारा जोडीदार या कामात फार मोलाचा. यादी बघा : 'मेरा गाँव मेरा देश', 'परिचय', 'आँधी', 'मौसम', 'दोस्ताना', 'कर्ज', 'हीरो', 'राम लखन', 'अग्निपथ', 'सौदागर', 'गुलाम'. दोनशेहून जास्त सिनेमे. १९७७ च्या 'इन्कार'साठी सर्वोत्कृष्ट संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार. 'सौदागर'साठी फिल्मफेअर.

हा 'इन्कार' म्हणजे, ज्यात हेलनचं 'मुंगडा' आहे तो. उषा मंगेशकरांनी गायलेलं. हळदीत, वरातीत आजही वाजतं. सिनेमा मात्र अपहरणाचा थरारपट आहे. जपानच्या अकिरा कुरोसावांच्या 'हाय अँड लो'वरून घेतलेला. डॉ. श्रीराम लागू श्रीमंत उद्योजक, आणि पळवला जातो तो त्यांच्या घरी काम करणाऱ्या माणसाचा मुलगा. आता पैसे द्यायचे का? इथे सगळा ताण कशावर उभा आहे? फोन वाजणं, चेहरा, घड्याळ, पुन्हा चेहरा. कोणता चेहरा किती वेळ दाखवायचा, यावर. बाहेर पाठलाग असो की घरात नुसती शांतता, बघणाऱ्याचा श्वास एडिटरच्या हातात असतो.

तीन सीन, मोबाईलवर पुन्हा बघा

आता थोडा गृहपाठ. तीन उदाहरणं देतो, तुम्हीच शोधून बघा.

पहिलं, 'आँधी', १९७५, दिग्दर्शक गुलजार. एक राजकारणी बाई निवडणुकीच्या प्रचारासाठी एका हॉटेलात उतरते. त्या हॉटेलचा मॅनेजर निघतो तिचा नवरा, ज्याच्यापासून ती कित्येक वर्षं लांब आहे. सुचित्रा सेन आणि संजीव कुमार. सिनेमा सतत आज आणि काल यांच्यात ये-जा करतो. आपण रील्समध्ये जुनी आठवण दाखवायची तर लगेच ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर मारतो, वर "दहा वर्षांपूर्वी" असं लिहितो. इथे बघा, माणसाच्या चेहऱ्यावर नेमका किती वेळ थांबलं की भूतकाळात जाणं सहज वाटतं. लवकर कापलं तर झटका बसतो, उशीर केला तर कंटाळा येतो.

दुसरं, 'कर्ज', १९८०, सुभाष घई. मागच्या जन्मी जिने नवऱ्याचा खून केला, ती बाई प्रेक्षकांत बसलीय. स्टेजवर ऋषी कपूर तिच्याच गुन्ह्याची गोष्ट गाण्यातून मांडतोय. हे गाणं एकदा आवाज बंद करून बघा. स्टेज, मग सिमी गरेवालचा चेहरा. पुन्हा स्टेज, पुन्हा चेहरा. नाच स्टेजवर चाललाय, पण खरी गोष्ट घडतेय ती खुर्चीत बसलेल्या बाईच्या डोळ्यांत. एडिटर तिथे परत परत गेला नसता तर ते फक्त एक चांगलं गाणं उरलं असतं.

तिसरं, 'गुलाम', १९९८. आमिर खान रुळांवरून समोरून येणाऱ्या लोकलकडे धावत जातो तो सीन. यात कट मोजा. धावणारा माणूस, येणारी गाडी, बघणाऱ्यांचे चेहरे. प्रत्यक्षात जे अंतर काही सेकंदांत संपेल ते पडद्यावर ताणलं जातं, कारण प्रत्येक नव्या शॉटला आपण वेळ नव्याने मोजायला लागतो. हा परिणाम कटांतून तयार होतो. म्हणून आपल्या स्टेशनजवळ रुळांवर उभं राहून कोणी रील करत असेल तर त्याला आत्ताच सांगा, बाबा, थरार एडिटिंगच्या टेबलावर होतो, त्यासाठी जीव टांगायला लागत नाही.

लिलावाचा व्हिडिओ आणि एक कट

आता हे आपल्या मोबाईलवर कसं लागू होतं? एक प्रयोग सांगतो. मी एकदा आपल्या बाजार समितीतला लिलाव शूट केला. ट्रॅक्टरांची रांग, पुढे सरकणारा व्यापाऱ्यांचा घोळका, भाव पुकारणारा माणूस, ट्रॉलीशेजारी उभा असलेला शेतकरी. एकूण ४० मिनिटांचं शूट. मला हवा होता दीड मिनिटाचा व्हिडिओ.

पहिला कट केला त्यात बोली लावणारे व्यापारीच जास्त होते, कारण बोलणारे तेच, हालचाल त्यांचीच. बघितला, काहीच वाटलं नाही. दुसऱ्यांदा उलटं केलं. बोलीचा आवाज चालू ठेवला आणि चित्रात शेतकऱ्याचा चेहरा ठेवला. भाव वर सरकतोय, थांबतोय, पुन्हा सरकतोय, आणि आपण बघतोय तो ऐकणाऱ्याला. एकदम जीव आला. एका शॉटचा आवाज दुसऱ्या चित्रावर चालवायची ही युक्ती जगभरचे एडिटर वापरतात. साधा नियम, बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर जास्त काही घडत असेल तर कॅमेरा तिकडे न्या.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या शूटमध्ये एक शॉट होता. धूळ उडाली म्हणून एक काका उपरण्याने डोळे पुसतायत. मी सहज तो शॉट कमी भावाच्या बोलीनंतर लावून बघितला. मंडळी, अंगावर काटा आला. बघणारा शपथेवर सांगेल की भाव ऐकून काका रडले. प्रत्यक्षात तो शॉट लिलावाच्या अर्धा तास आधीचा होता आणि काकांच्या मालाला तेव्हा बोलीच लागली नव्हती.

शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव नावाच्या माणसाने नेमकं हेच दाखवलं. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा. त्याच्यानंतर सूपाचं भांडं लावलं तर लोकांना वाटलं, याला भूक लागलीय. शवपेटी लावली तर वाटलं, दुःख झालंय. चेहरा तोच. अर्थ दोन शॉटांच्या मधल्या जागेत तयार होतो.

मी तो शॉट काढून टाकला. व्हिडिओ जास्त चालला असता, यात शंका नाही. पण कांद्याचा भाव पडला की आपल्या भागात रडणं खरं असतं, हे आपण सगळे जाणतो. ते खरं असताना खोटं अश्रू जोडायचे म्हणजे खऱ्या माणसांवर अन्याय. सिनेमात सगळ्यांना माहीत असतं की ही रचलेली गोष्ट आहे. बातमीत, लिलावाच्या व्हिडिओत, गावातल्या भांडणाच्या क्लिपमध्ये बघणारा विश्वास ठेवून बघतो. कात्री तीच आहे, जबाबदारी वेगळी. आज प्रत्येकाच्या खिशात ही कात्री आहे, म्हणून हे बोलणं मला गरजेचं वाटलं.

मग नाव का माहीत नाही?

सुरुवातीला म्हटलं होतं, वामन भोंसले हे नाव आपण पहिल्यांदा ऐकतोय. कारण सोपं आहे. चांगला कट दिसतच नाही. गाणं आवडलं तर गायक आठवतो, फाइट आवडली तर हीरो. "वा, काय कट होता," असं म्हणत थिएटरमधून कोणी बाहेर येत नाही. उलट एडिटिंग जाणवलं, तर बहुतेक वेळा काहीतरी बिघडलंय म्हणून जाणवतं.

म्हणजे जितकं काम चांगलं तितकं ते लपलेलं. ज्याला रोज लाइक मोजायची सवय आहे त्याला हे जड जाऊ शकतं. स्वतःला विचार, मित्रा : तू जोडलेला व्हिडिओ गाजला आणि कौतुक सगळं नाचणाऱ्याचं झालं, तर रात्री झोप लागेल का? लागत असेल तर हे काम तुझं आहे.

२६ एप्रिल २०२१ ला, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, वामन भोंसले मुंबईत गेले. वय ८९. त्या दिवसांत बातम्या इतक्या होत्या की ही अनेकांच्या नजरेतून सुटली.

तर मग, करिअर होतं का?

होतं. पण कसं, ते नीट ऐक.

पहिली वाट भोंसले यांची. कुणाच्या तरी हाताखाली राहायचं. आजही मुंबई-पुण्यात सिनेमा, मालिका, जाहिराती, वेब सिरीज यांना सहायक एडिटर लागतात. मशीन बदलल्या, मूव्हिओला गेली, नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आले. सहायकाचं काम मात्र ओळखीचंच राहिलं : फुटेज उतरवणं, आवाज जुळवणं, फोल्डर लावणं, बॅकअप ठेवणं, मागेल ते लगेच काढून देणं. सुरुवातीला पैसे कमी, तास जास्त. तिथे राहण्या-खाण्याचा खर्च कसा भागणार, याचा हिशोब घरच्यांसोबत बसून आधी कर.

दुसरी वाट शिक्षणाची. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथे एडिटिंगचा वेगळा अभ्यासक्रम आहे. पदवी लागते, प्रवेश परीक्षा असते. तिथूनच शिकून रेणू सलुजा बाहेर पडल्या. 'जाने भी दो यारों', 'अर्धसत्य' त्यांनी एडिट केले, आणि 'परिंदा', 'धारावी', 'सरदार', 'गॉडमदर' यांसाठी चार राष्ट्रीय पुरस्कार घेतले. म्हणून बारावीवर थांबू नकोस. पदवी कर, कुठल्याही शाखेची चालेल. एडिटिंग तिच्यासोबत चालू ठेवता येतं.

तिसरी वाट तू धरलेलीच आहेस. लग्नं, दुकानांच्या जाहिराती, शाळांची स्नेहसंमेलनं, शेतकरी कंपन्यांचे व्हिडिओ. हेही काम आहे आणि यात इज्जत आहे. फक्त ते धंद्यासारखं कर. दर आधी ठरव, तोही मेसेजवर लिहून घे. थोडी आगाऊ रक्कम घे. बदल किती वेळा करून देणार, ते आधीच सांग. तपासायला वॉटरमार्कवाली कॉपी दे, पूर्ण पैसे आल्यावर फायनल. ओळखीतलं लग्न असलं तरी.

आणि रोजचा सराव. एकच फुटेज घे आणि त्याचे तीन व्हिडिओ कर : एक तीन मिनिटांचा, एक एका मिनिटाचा, एक वीस सेकंदांचा. प्रत्येक वेळी काय टाकलं आणि का टाकलं, ते वहीत लिही. इफेक्ट, ट्रान्झिशन काहीही वापरू नकोस, नुसता साधा कट. महिनाभर असं केलंस की नजर बदलायला लागेल. मग आवडीचा एक सीन म्यूट करून बघ आणि प्रत्येक कटला टेबलावर बोट आपट. दोन-तीन दिवसांत एडिटरची लय तुझ्या बोटात उतरेल.

आणि घरच्यांना काय सांगायचं? सांग, की मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसत नाही, मी निवडायला बसतो. लासलगावात निवडीची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

बाकी मंडळींसाठी : या आठवड्यात जो सिनेमा बघाल त्याची टायटल्स स्किप करू नका. 'संकलन' किंवा 'एडिटर' या शब्दाखालचं नाव वाचा आणि मला कळवा. पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला ती सगळी नावं मी वाचून दाखवणार आहे. भेटू, तोवर सांभाळून राहा. राम राम!